जावयाच्या गाडीची गोधडी

ओग्दो कुठलीही गोष्ट एकदाच सांगायची. नवरा होता तेव्हा नवऱ्याला एकदाच, गाईला एकदाच, आणि गावातल्या झाडून सगळ्या ड्रायव्हरांनाही एकदाच. ऐकलं त्यानं ऐकलं. नाही ऐकलं तर तो जाणे आणि त्याची गाडी जाणे.

ड्रायव्हर ऐकायचे. लेना नदीच्या या काठावर गाडीची गोधडी शिवावी तर ओग्दोनंच. आत घोड्याच्या आयाळीचे केस, दोन्ही अंगांनी जाड लोकरीचा नमदा, आणि दाभणानं घातलेले असे टाके की दोन माणसांनी दोन टोकांनी ओढले तरी उसवू नयेत. बॉनेटवरून जमिनीपर्यंत टाकली की इंजिन आत बाळासारखं ऊब धरून बसायचं. बाहेर शून्याखाली पन्नास असो नाहीतर पंचावन्न.

डिसेंबरात नदीवरचा बर्फाचा रस्ता उघडला, त्याच आठवड्यात तिचा जावई एर्चिम पलीकडच्या शहरातून पांढरी, नवीकोरी एसयूव्ही घेऊन दारात आला. फाटक उघडायला तो उतरला नाही. बंपरनंच ढकललं, बिजागरी मोडली. कुत्रा भुंकत आडवा आला, तेव्हा मात्र उतरला, आणि बुटाची अशी लाथ घातली की कुत्रा लाकडांच्या राशीवर जाऊन आदळला आणि तिथंच पडून राहिला.

"सासूबाई, गाडी हिवाळ्यासाठी तयार करून द्या. उद्या सकाळी बायकोला घेऊन निघतो."

"या जावईबापू. कुत्र्याशी बोलून झालं असेल तर आत या."

बायको, म्हणजे तुयारा, खिडकीच्या आत उभी होती, एक हात बरगडीवर धरून. तीन आठवड्यांपूर्वी ती गाव्रिलच्या जुनाट व्हॅनमधून पिठाच्या पोत्यांवर आडवी पडून माहेरी आली होती. दोन बरगड्या मोडलेल्या, डावा कान फुटलेला. त्या कानानं आता तिला ऐकू येत नव्हतं. एर्चिम सोन्याच्या खाणीवर मुकादम. ती वस्ती याच काठानं सहाशे किलोमीटर आत, आणि तिथले शेजारी असे की भिंतीपलीकडे बाई ओरडली की टीव्हीचा आवाज वाढवायचे. ओग्दोनं पोरीचं अंग स्वतः पुसलं होतं. कुठला डाग किती दिवसांचा हे तिला रंगावरून कळलं होतं. ही आता परत गेली तर पुढच्या वेळी फळ्यांच्या पेटीतून येईल, हे सांगायला तिला कुणा डॉक्टरची गरज नव्हती.

इथं देशातल्या देशात विमानानं निघायचं तरी पासपोर्ट लागतो, आणि तो एर्चिमनं काढून घेतला होता. त्यामुळेच तर पोरगी तीन आठवडे इथं अडकून पडली होती.

गाडी गॅरेजात घेतली. लोखंडी शेगडी धडधडत होती. मधोमध ओग्दोचं शिवणाचं जाडजूड मशीन, मेलेल्या नवऱ्यानं पाठीवर वाहून आणलेलं. शेजारचा गाव्रिल दुसऱ्या काचा बसवायला आला होता. या मुलखात एका काचेवर भागत नाही. आतून दहिवर धरतं आणि माणूस आंधळा होऊन खड्ड्यात जातो. म्हणून प्रत्येक खिडकीवर बाहेरून दुसरी काच चिकटवायची, मध्ये बोटभर हवा ठेवून.

"वहिनी, गाडी झकास आहे हो," गाव्रिल म्हणाला. "आपल्या व्हॅनला दार लावायला लाथ लागते. हिचं नुसतं हात लावला की बसतं."

"तुझी व्हॅन तुझ्यावरच गेलीय. दोघांनाही सकाळी उठायला लाथ लागते."

गाव्रिल फिसकन हसला. एर्चिम हसला नाही. त्यानं डिकीतून एक चकचकीत गुंडाळी काढून ओग्दोच्या पायाशी टाकली. खाणीवर पाइपांना गुंडाळतात ते चंदेरी कापड, आत स्पंज.

"गोधडी याची शिवायची. तुमच्या त्या घोड्याच्या केसांना वास मारतो. नव्या गाडीवर मेंढीचं कातडं टाकल्यासारखं दिसतं."

ओग्दोनं कापडाचा एक धागा ओढला, शेगडीच्या तोंडाशी धरला. धागा फुर्र करून जळाला, आणि खाली काळा, चिकट थेंब पडला.

"जावईबापू, हे पेट घेतं. नमदा नुसता करपतो. याच्याजवळ जाळ नेऊ नका कधी."

"शिवा म्हटलं ना."

"शिवते."

सांगायचं ते एकदा सांगून झालं. ती मशीनवर बसली. एर्चिम गाव्रिलला काचेचं माप शिकवायला लागला, तेवढ्यात ओग्दो गाडीच्या आतली शिवण बघायच्या मिषानं पुढच्या सीटवर गेली आणि समोरचा खण उघडला. पोरीचा पासपोर्ट तिथंच होता, पेट्रोलच्या पावत्यांखाली. तिनं तो पोलक्यात सारला आणि तोंडानं म्हणाली, "सीट काय मऊ आहे हो. बसायला छानच."

मग तुयारा चौथी काच घेऊन आली. डाव्या बाजूनं एर्चिम म्हणाला, "सांभाळून." डावा कान तर त्यानंच फोडला होता. ती थांबली नाही, काच बॉनेटच्या कडेला लागली आणि पांढऱ्या रंगावर केसाएवढा ओरखडा उठला.

एर्चिमनं तिच्या हातातली काच घेतली. अगदी हळूच घेतली. आणि तिच्या डोक्यावर हाणली.

काच फुटली. कपाळावरून रक्त डोळ्यात, डोळ्यातून हनुवटीवर. ती खाली बसली, तशी त्यानं तिच्या वेणीला धरून तिचं तोंड त्या ओरखड्यावर दाबलं. "हे काय आहे? चाट. चाटून काढ."

गाव्रिल "अरे, अरे" करत राहिला. साठीचा माणूस, एक खांदा निकामी. ओग्दो मात्र उठली होती. हातात बोटभर लांबीचं दाभण होतं, ते तिनं जावयाच्या मांडीत मुठीपर्यंत खुपसलं.

एर्चिम गुरासारखा ओरडला. त्यानं वेणी सोडली आणि उलट्या हातानं सासूला असं भिरकावलं की ती फळकुटांवर जाऊन पडली. वरून पान्हे, हातोड्या, खिळ्यांचा डबा, सगळं तिच्या अंगावर आलं. त्यानं दाभण मांडीतून उपसलं, तिच्याजवळ आला आणि ते तिच्या डोळ्यासमोर धरलं.

"म्हातारे, एक डोळा घेऊ? शिवायला एक पुरतो."

"घे," ओग्दो म्हणाली. "पण मग तुझी गोधडी वाकडी होईल. उद्या निघायचंय ना?"

तो हसला. दाभण तिच्या मांडीवर टाकून म्हणाला, "बसा. शिवा."

ती बसली. चंदेरी कापड शिवलं, एकही टाका वाकडा न घालता. कामात लबाडी तिनं शत्रूशीही केली नव्हती. गाव्रिल निघताना दारात क्षणभर घुटमळला. ओग्दोनं मान खालीच ठेवून विचारलं, "तुझी लाथ खाणारी सातला सुरू होते का रे?"

"होते वहिनी."

"गोठ्यामागं आण."

एवढंच बोलणं झालं.

एर्चिमनं तुयाराला आपल्या शेजारी झोपवलं, तिची वेणी मनगटाला गुंडाळून. पण पहाटे गाय हंबरायला लागली. दोनदा हंबरली, तिसऱ्यांदा हंबरली, तेव्हा ओग्दो दारातून ओरडली, "जावईबापू, सोडता का पोरीला, की तुम्ही पिळताय?" झोपेतच शिवी देऊन त्यानं वेणी सोडली.

तुयारा बादली घेऊन गोठ्यात गेली आणि गोठ्याच्या मागच्या दारानं बाहेर पडली. ओग्दोनं तिच्या हातात पासपोर्ट ठेवला, वर स्वतःचा कोल्ह्याच्या कातड्याचा कनटोप घातला. नदी ओलांडून याकुत्स्क शहर, तिथून दुपारच्या विमानानं थेट समुद्राकाठी, थोरल्या बहिणीकडे. ती कुठं राहते हे एर्चिमला कधीच कळलं नव्हतं.

"आई, तू?"

"मला गाय पिळायचीय. नदीवर पट्टा सोडून, दार हातानं धरून बस, बर्फ फुटला तर उडी मारता येते. नीघ."

व्हॅन खोकत निघाली. तिला पल्ला गाठायला चार तास. एसयूव्हीनं तिला दीड तासात नदीवरच गाठलं असतं. म्हणून ओग्दो गॅरेजात गेली. शेगडीतले निखारे बाहेर बर्फात ओतले. नवऱ्याच्या पान्ह्यानं बॅटरी सोडवून ती अंगणात उघड्यावर ठेवली. आणि गॅरेजची दोन्ही दारं सताड उघडली. शून्याखाली चोपन्न अंशांची थंडी आत शिरली आणि गाडीच्या पोटाखाली बसली. मग घरात येऊन तिनं चुलीतल्या अग्नीला लोण्यात बुडवलेली धिरड्याची कड दिली. नवी गाडी पहिल्यांदा बर्फावर निघताना देतात तशी. फक्त नाव घेतलं गाव्रिलच्या व्हॅनचं.

नऊला फटफटलं. एर्चिम उठला, अंथरुणावर हात फिरवला, गोठ्यात डोकावला आणि सगळं समजला. गॅरेजात आला तेव्हा ओग्दो मशीनपाशी मोगरीनं नमदा ठोकत बसली होती. लाकडी मोगरी, धपाधप.

त्यानं विचारलंही नाही. पहिल्या ठोशात तिचे पुढचे दोन दात गेले. दुसऱ्यात ती पडली. मग बुटांनी. पाठीत, कुशीत, पुन्हा पाठीत. "कुठं गेली? कुठं?" ओग्दो अंगाचं मुटकुळं करून पडली आणि मनात फक्त वेळ मोजत राहिली. एक लाथ म्हणजे व्हॅन शंभर पावलं पुढं. मार म्हणजे मार. इंजिन सुरू होत नाही तोवर मारू दे.

दमला तेव्हा थांबला. बॅटरी आणून जोडली, बटण दाबलं. गाडीत आवाजसुद्धा झाला नाही. इंजिनातलं तेल डांबरासारखं घट्ट झालं होतं.

अशा वेळी या काठावरचा कुठलाही ड्रायव्हर जे करतो तेच त्यानं केलं. ब्लोलॅम्प पेटवला, धुराड्याच्या पाइपाचा तुकडा लावून ज्योत इंजिनाच्या तेलाच्या चेंबरखाली सोडली, आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून बॉनेटवरून गोधडी जमिनीपर्यंत ओढून घेतली. नमद्याखाली हे सगळेच करतात, ओग्दोचा नवरा आयुष्यभर करत आला. पण ही चंदेरी होती.

ओग्दोनं तोंड उघडलं. तोंडात रक्त भरलं होतं. ते तिनं गिळलं, शब्दासकट. काल सांगितलं होतं.

आधी खालची कड काळी झाली. मग फुर्र करून सबंध गोधडी पेटली. एर्चिमनं दोन्ही हातांनी ती ओढायला धरली आणि वितळलेला स्पंज त्याच्या हातांवर, बाह्यांवर, छातीवर सांडला आणि तसाच जळत राहिला. तो किंचाळत अंगणात पळाला, बर्फात लोळला. पण चोपन्नातला बर्फ ओला कुठला असायला. कोरड्या वाळूसारखा नुसता उडत होता.

गॅरेजात गाडीचा रंग फुटायला लागला. ओग्दो भिंत धरून उठली. दोन पावलांवर मशीन होतं. त्याला चाकं होती, ढकललं असतं तर निघालं असतं. खुंटीवर नमद्याची जुनी गोधडी होती, जावयानं नाक मुरडलेली. एकच काही नेण्याएवढी ताकद अंगात उरली होती. तिनं मशीनकडे एकदा बघितलं आणि गोधडी ओढली. दुसऱ्या हातात मोगरी होतीच.

अंगणात तिनं ती गोधडी एर्चिमवर टाकली आणि मोगरीनं हाणायला लागली. धप. धप. नमद्याखालचा जाळ गुदमरला, धूर आला, धूर संपला. आग विझली हे तिला कळलं होतं. धप. हा कानाचा. धप. हा बरगडीचा, आणि ही दुसरी बरगडी. हा कुत्र्याचा. आतून आधी शिव्या आल्या, मग "आई गं", मग "आई, पुरे". मागं टाकी फुटल्याचा धमाका झाला, गॅरेजचं छप्पर मशीनवर कोसळलं, तरी तिनं मागं वळून बघितलं नाही.

आजूबाजूच्या बायांनीच येऊन तिला धरलं. गावची नर्स गोधडीखाली डोकावली आणि म्हणाली, "हातांची कातडी गेलीय. बोटं मुठीत मिटायची नाहीत आता. आणि ही हाडं कुणी मोडली?"

"आग विझवत होते," ओग्दो म्हणाली. दात नसल्यानं शब्द फुसफुसले.

"एवढी?"

"मोठी आग होती बाई."

लंगडत लंगडत कुत्रा आला आणि तिच्या पायाशी बसला. गॅरेज, पांढरी गाडी आणि नवऱ्यानं पाठीवर आणलेलं मशीन, सगळं एकाच जाळात जळत होतं. त्या उबेला बाया हात शेकत उभ्या होत्या.

मोबाईल वाजला.

"आई, पोचलो पलीकडे." तुयारा ओरडूनच बोलत होती. एका कानाची माणसं बोलतात तशी. "बर्फावर पट्टे सोडून, दार हातानं धरून बसलो होतो, तू सांगितलंस तसं. आई, तो निघाला का? मागे येतोय का?"

ओग्दोनं स्ट्रेचरवर चढवत असलेल्या जावयाकडे बघितलं. नर्सनं गोधडी काढायला हात घातला, तशी तिनं मानेनंच नको म्हटलं. एका कडेला करपली होती, बस. टाका एकही उसवला नव्हता.

"नाही गं. झोपलाय उबेत. माझीच गोधडी पांघरलीय."