फुटायचं नाव न घेणारे पेले

मुलगी चिमट्याने आईच्या गालातली काच कणाकणाने वेचून बशीत टाकत होती. भिंतीपाशी बाप उभा होता. आईला वेदनेचं फारसं काही वाटत नव्हतं. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की फेकताना त्याला माहीत होतं का.

तो काचकारखान्यातला हौदवाला. वितळलेल्या क्षाराच्या हौदात पेले दिवसभर बुडवले, की काचेची कातडी आवळली जाई आणि पेला फुटायचं नाव घेत नसे. लग्नाच्या वर्षी त्याने असे बारा आणले. दुकानदार ते जिन्यावरून सोडून दाखवत. हा घरात भिंतीवर फेकी. भाजी खारट झाली, फेक पेला. साहेबाने झापलं, फेक पेला. कधी भिंतीवर, कधी तिच्या अंगावर. गिलाव्याचे टवके उडत, तिच्या दंडावर निळे डाग उठत, आणि पेला शाबूत गडगडत तिच्या पायाशी येई. ती तो धुऊन पालथा घाली. शेजारीण थट्टेत म्हणायची, तुझा संसार पेल्यांनीच तगवलाय बाई. वीस वर्षांत ती अंग चोरायचंही विसरली होती.

पुढे दुकानदारांनीच हात आखडला. ज्याच्या घरी काही फुटत नाही, तो पुन्हा दुकानाची पायरी कशाला चढेल? हौद विझला. त्याच साच्यातून साध्या काचेचे पेले निघू लागले, आणि हौदवाला खोकी बांधायला बसला. घरी त्याने अवाक्षर काढलं नाही. सहा नवे पेले मात्र मुकाट्याने जुन्यांत मिसळून ठेवले.

आज त्याला वाढताना तिने सहज विचारलं, हल्ली तुमच्या हातावर भाजल्याचे डाग कसे नाहीत? त्याच्या हातातला पेला तिच्या दिशेने सुटला. ती नेहमीसारखी ताठ उभी राहिली, आणि काच तिच्या गालावर फुटली. रक्त पाहून तो पुटपुटला, हौद बंद झालाय, हे साधे आहेत.

"डोळा वाचला, आई," मुलगी म्हणाली.

आई उठली. फडताळातून दोन पेले काढून तिने त्याच्यासमोर ठेवले.

"यातला जुना कुठला?"

त्याने मान वर केली नाही. दोन्ही पेले हातात घेऊन लगेच एक पुढे सरकवला. डोक्याला सुचायच्या आत हाताने उत्तर दिलं होतं.

"हातात घेताच कळतं तुम्हाला," ती म्हणाली. "मग मघाशी?"

त्याने चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून तो निघून गेला.