एका पन्नीतला खर्रा

"तुमच्या आईंचा फोटो द्या ना, ताई. शेवटचा," व्यसनमुक्ती समितीतले भैयाजी म्हणाले. "पोरं घाबरली पाहिजेत."

आईला तोंडाचा कॅन्सर होता. जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. सरकारने सांभाळायला दिलेली पोरं तिने चंद्रपुरात आमच्या घरी वाढवली. अठरा वर्षं पूर्ण झाली की ती कामाला बाहेर पडत आणि बहुतेक जण तंबाखू-सुपारी घोटलेला खर्रा खायला लागत. आईलाही तो धानाच्या रोवणीवर लागला होता, सोबतच्या बायांनी पुढे केलेल्या प्लास्टिकच्या पन्नीतून. अशा पोरांसाठी संदेश लिहायचं काम समितीने मला दिलं होतं आणि लिहिलेलं सगळं परत केलं होतं.

"या पोरांनी तो जबडा रोज पुसलाय. त्यांना अजून कशाने घाबरवणार?"

"मग यमक जुळणारं काहीतरी द्या."

घरी उर्वशी पेटी भरत होती. आईकडची शेवटची मुलगी. सकाळी मोहर्लीला रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात रुजू व्हायचं होतं. मी चिडून सगळं सांगितलं.

"खर्रा वाईट हाये थे मले मालूम हाये, ताई. समोर कोनी पन्नी धरली त काय बोलाचं, थे लिव्हा ना."

मी एका पन्नीत खर्र्याऐवजी बडीशेप ओतली आणि कामावरच्या बाईच्या थाटात तिच्यापुढे धरली. "घे वं."

"नको."

"काऊन? साऱ्याजनी एकाच पन्नीतला खाऊन राह्यल्या. आमच्या हातचा चालत नाई का तुले? कोन्या जातीची हायेस?"

तिची जात आम्हा कोणालाच ठाऊक नव्हती. तिने मुकाट्याने चिमूट उचलली.

मला स्वतःचाच राग आला. माझ्या प्रत्येक मसुद्यात 'नाही म्हणा' होतं. त्यानंतर काय ऐकावं लागतं, ते कुठेच नव्हतं.

"दात दुखते म्हनू?"

"उद्या चालेल. परवा?"

तिने विचार केला. "धरा पुन्हा."

"घे वं. आमच्या हातचा चालत नाई का?"

"चालते ना! चहा पाज तुह्या हातचा, दोन कप." ती हसली, मग थांबली. "खर्रा नाई. माही आई गेली त्यानं."

मी पन्नी खाली ठेवली.

ते बोलणं मी जसंच्या तसं भैयाजींना पाठवलं. लगेच उत्तर आलं : 'छान आहे, पण पोस्टरवर मावणार नाही. फोटो पाठवा.'

मी फोन पालथा ठेवला.

"ताई, अजून एक डाव," उर्वशी म्हणाली. "या टायमाले जास्त बोला मले."

मी पन्नी उचलली.