सतरा अँपिअर सांगणारा मीटर

मी एक क्लॅम्प मीटर. चिमट्यासारखं तोंड उघडून वायरीला मिठी मारायची आणि तिच्यातून किती करंट जातोय ते सांगायचं, एवढंच माझं काम. वायरमन रामरावांनी मला अकोल्याहून आणलं, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून शेंदूरजनाघाटात माझा शब्द शेवटचा. "मीटर बोलला, विषय संपला," असं रामराव म्हणायचे. अशानं कुणाच्याही डोक्यात हवा जाईल.

म्हणूनच यंदा सून आली, आयटीआय शिकलेली दामिनी, आणि तिच्या रुखवतात करंज्या आणि लोकरीच्या बाहुल्यांच्या मधे एक नवा मीटर मांडलेला दिसला, तेव्हा बायकांबरोबर मीही हसलो. रामरावांनी तो कपाटात ठेवून दिला. सुनेची वस्तू कशी वापरायची?

संत्र्यांचा हंगाम आला आणि खुशालरावांच्या प्रतवारी कारखान्यात तासातासाला एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारी कळ, पडू लागली. बेल्टचा वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हच्या पेटीची वायर रामरावांनी माझ्याच आकड्यावर निवडलेली. दारात संत्र्यांचे ढीग वाढत होते.

"रामराव, वायर बारीक टाकून गेले तुमी. आज नाई सुधरलं, तर उद्यापासून अमरावतीचा मानूस."

"सतरा अँपिअर दाखवून राहिला, भाऊ. वीसची एमसीबी हाय. वायर काहून बारीक होईन?"

डबा घेऊन आलेल्या दामिनीनं वायरीच्या पाइपाला हात लावला आणि लगेच काढला.

"मामाजी, सतरा अँपिअरनं एवढी तापत नाई."

ती घरी गेली, रुखवतातला मीटर घेऊन आली. त्यानं पंचवीस दाखवले.

"आता यातला खोटा कोन?" खुशालराव म्हणाले.

"कोनीच नाई." दामिनीनं संत्र्याच्या खोक्यावर करंटच्या दोन लाटा काढल्या. एक गोलसर, एक सुळक्यांची. "हा जुना, करंटची सरासरी काढते अन् लाट अशी गोल हाय असं धरून ठरलेल्या पटीनं वाढवते. पंपावर ते बराबर येते. ही पेटी मात्र घोटाघोटानं ओढते. मधे काहीच नाई, मंग एकदम उंच. अन् करंट दुप्पट झाला का ताप चौपट. म्हनून नवा मीटर क्षणाक्षणाच्या करंटचा वर्ग करते, त्याची सरासरी घेते, मंग वर्गमूळ. तो आरएमएस. तेवढाच बॅटरीचा सरळ करंट सोडला, तरी वायर एवढीच तापन."

एवढं ती महिनाभरात घरी बोलली नव्हती.

 रामरावांना दोष पेटी बनवणाऱ्यावर ढकलता आला असता. ते म्हणाले, "चूक माही. जाड वायर अन् तिले झेपन अशी मोठी एमसीबी मी टाकतो. आजच."

"मंग राहू द्या अमरावतीवाला," खुशालराव म्हणाले. "पन येतानी सुनेले घेऊन येत जा."

सांजेला बेल्ट फिरला आणि थांबला नाही. रामराव मला भंगारात टाकायला निघाले, तर दामिनीनं मला त्यांच्या हातून काढून घेतलं. "त्याले तेवढंच शिकवलं हाय, मामाजी. त्याचा काय दोष?"

माझ्या पाठीवर आता तिच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: 'पंप आणि हिटर चालेल. ड्राइव्हवर नको.' अकरा वर्षं लोकांनी माझ्यावर भरवसा ठेवला. मला ओळखलं मात्र या अबोल पोरीनं, एका दुपारी.

तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल, तर आकड्याआधी त्याच्या अंगावर 'ट्रू आरएमएस' लिहिलंय का बघा. नसलं तर त्याला फेकू नका. पंपाचं विचारा. तिथे आम्ही अजून अचूक आहोत.