विमानाची रंगीत तालीम

मरणापुढे राव आणि रंक सारखेच, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. त्या थोरामोठ्यांपैकी एकाच्याही गावाला स्वागत कमान नसावी.

उंबरदऱ्याला होती. शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावरून फाट्याला आत वळलं की लगेच. ती भीमाशंकरनं बांधून घेतली होती. भीमाशंकर हा गावचा माजी सरपंच आणि भावी जिल्हा परिषद सदस्य. यातलं 'भावी' हे पद तो निवडणुका लांबतील तसं निष्ठेनं सांभाळत आला होता. कमान वडिलांच्या नावानं होती. कमानी मेलेल्यांच्या नावानं असतात आणि शरणप्पा तर रोज सकाळी समोरच्या हॉटेलच्या बाकावर बसून चहा पीत. ही अडचण पेंटरनं सोडवली. लिंगायत माणूस गेला की नावाआधी 'लिं.' लावतात. पेंटरनं 'शरणप्पा' या अक्षरांच्या आधी एक अक्षर आणि एक टिंब मावेल एवढी जागा मोकळी सोडली. सुरुवातीला शरणप्पांना वाटलं, पेंटरचा अंदाज चुकला. मग एकदा त्यांनी मुलाला विचारलं. भीमाशंकर म्हणाला, "राहू द्या अण्णा, पुढं लागतीय." तेव्हापासून ते बाकावर कमानीकडे पाठ करून बसू लागले.

कमान बुटकी होती. अक्षरं रस्त्यावरच्या गाडीतून वाचता यावीत म्हणून ती खाली घेतली होती. तेवढ्यानंही कुणी वाचेना, म्हणून भीमाशंकरनं कमानीच्या अगदी पुढ्यात एक गतिरोधक करवून घेतला. आता प्रत्येक गाडी तिथं थांबल्यासारखी होई आणि आतला माणूस डोकं आपटून वर बघे. वर नाव असे.

कमानीचा खरा प्रताप चंद्रप्पाच्या मातीला कळला. चंद्रप्पा म्हणजे शरणप्पांचा चुलतभाऊ, विटीदांडूपासूनचा जोडीदार. या समाजात मेलेल्या माणसाला तिरडीवर आडवं नेत नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून मांडी घालून बसवतात आणि फुलांनी सजवलेल्या मखरातून बसलेल्या माणसासारखं नेतात. त्या मखराला विमान म्हणतात. पूर्वी ते कळकाचं असे आणि खांद्यावरून जाई. भीमाशंकरनं गावाला लोखंडी विमान दिलं होतं, कळसासकट, मागे स्वतःच्या फोटोसकट. आणि ते वाहायला आपला पिकअपही देऊ केला होता. चंद्रप्पा पिकअपात उंच बसून निघाला. वर ड्रोन फिरत होता. कमानीशी कळस अडकला, गाडी पुढे आली, विमान मागं कललं, आणि चंद्रप्पा मान टाकून वर बघत राहिला. शरणप्पा चार पावलांवर होते. आपला भाऊ त्या मोकळ्या जागेकडे निरखून पाहतोय असं त्यांना वाटलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी मुलाला सांगितलं, "मला असं नेऊ नको. खांद्यावर न्या. मळ्याच्या पांदणीनं न्या. तुझी आई गेली तसं."

"अण्णा, खांदे हायत कुठं?" भीमाशंकर म्हणाला. "पोरं समदी पुण्याला. राहिलेल्यांच्या कमरेला पट्टे. मेलेलं माणूस लई जड असतंय. तुमी काळजी करू नका, मी बघून राहिलोय त्याच्याकडं."

तो खरंच बघून राहिला होता. कळस काढावा तर समाज नाराज. कमान उचलावी तर इंजिनिअर म्हणे पडेल. उरला पिकअप. तो काही बोलत नाही.

आठवड्यानं भीमाशंकर म्हणाला, "चला अण्णा, नांदेडला जाऊन येऊ. गाडीचं बारीक काम हाय. तुमालाबी फिरल्यागत होतंय." शरणप्पांना बरं वाटलं. मुलाशेजारी पुढच्या सीटवर बसून अशा प्रवासाला ते कैक वर्षांत गेले नव्हते. अहमदपूरला चहा झाला, भजी झाली. भजी आणून देताना मुलानं स्वतः तेल टिपलं. एवढी माया कशानं आली, हा प्रश्न त्यांना पडला होता. पण भजी गरम होती.

नांदेडच्या गॅरेजवाल्याचं नाव सत्यम. तिशीतला गडी, दाढी कोरलेली. गाड्या खाली बसवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही, असं पंचक्रोशीतल्या बिनकामाच्या पोरांचं मत होतं. त्यानं वाकून मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पाहिले.

"दादा, गाडी मागून किती खाली पायजे?"

"वीतभर."

"वीतभर? मग माल काय भरणार तुमी? दोन पाटे काढतो, उरलेले एक्सलच्या वरून खालून घेतो. गाडी बसती मस्त, पण बुडाखाली जागा राहत न्हाई. रील बनवायची का?"

"न्हाई. वडलांसाठी करून राहिलोय."

सत्यमनं शरणप्पांकडं कौतुकानं पाहिलं. "काकाला शौक हाय वाटतं?"

भीमाशंकरनं त्याला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. भीमाशंकरचा हळू आवाज म्हणजे सभेचा आवाज, फक्त माईक नसलेला. विमान, कळस, कमान, सगळं शरणप्पांनी ऐकलं. सत्यमनंही गंभीरपणे ऐकलं आणि धंद्याचा प्रश्न विचारला.

"अंदाजानं कशाला, दादा? माणूस सोबतच हाय. बसवा की मागं, टेप लावतो."

"अण्णा," भीमाशंकर म्हणाला, "जरा मागं येऊन बसता का? मांडी घालून. ताठ."

शरणप्पा आयुष्यात कुणावर थुंकले नव्हते. ते उठले, गॅरेजच्या नाल्यापर्यंत गेले आणि तोंडातली भज्याची चव तिथं टाकून आले.

"तूच बस," ते म्हणाले. "आपल्या घरात समद्यांची बैठक एकाच उंचीची हाय."

भीमाशंकर बसला. खरंच बसला. डोळे मिटून, मांडी घालून, ताठ. सत्यमनं टेप लावला, आकडा हातावर लिहिला आणि म्हणाला, "पोट आत घ्यायची गरज न्हाई दादा, उंचीच बघायलोय."

परतताना पिकअप मागून असा बसला होता, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, बुडाला चटका बसलेलं जनावर फरफटत चाललंय. प्रत्येक खड्ड्याला खालून खर्र आवाज येई. शरणप्पा खिडकीतून बाहेर बघत राहिले. अहमदपूरला चहासाठी ते उतरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी घरात तालमीची चर्चा सुरू झाली. नुसतं मापावर जाऊन भागणार नाही, एकदा प्रत्यक्ष नेऊन बघायला पाहिजे, असं भीमाशंकरचं म्हणणं. विमानात वजन पाहिजे, वजनाशिवाय गाडी बसत नाही. सगळ्यांनी शरणप्पांकडं पाहिलं. शरणप्पांनी सगळ्यांकडं पाहिलं. मग सून, महानंदा, कोठीत गेली आणि एका जवळच्या गड्याला म्हणाली, "हे क्विंटलचं घ्या. मामांजींएवढंच उंच हाय."

ज्वारीचं पोतं विमानात बसवलं. मग कुणीतरी ट्रंकेतून त्यांचा फेटा आणला. लग्नातला, त्यांच्या बायकोनं, गुणाबाईनं जपून ठेवलेला. फेटा पोत्याला बसला. ड्रोनसाठी बोलावलेला फोटोग्राफर म्हणाला, चेहऱ्याच्या जागी काहीतरी पायजे, फोकस लागत नाही. म्हणून त्यानं पोत्यावर भस्माचे तीन पट्टे ओढले. ते पाहून शरणप्पा काठी घेऊन बाहेर पडले आणि हॉटेलच्या बाकावर बसले. यावेळी कमानीकडे तोंड करून.

पिकअप आला. पुढं भीमाशंकर चालत, मागं हौद्यात विमान धरून आठ-दहा जण. शेजारच्या गावची एक म्हातारी बाजाराला निघाली होती. तिनं पोत्याला हात जोडले, चपला काढल्या आणि हॉटेलवाल्याला विचारलं, "कोण गेलं रं?"

"कुणी न्हाई. ज्वारी हाय."

"अगं बाई. चांगली व्हती का?"

ड्रोन वर चढला. पिकअप गतिरोधकावर आला. पुढची चाकं चढली आणि उतरली. मग सत्यमनं मेहनतीनं खाली आणलेलं बूड गतिरोधकावर टेकलं आणि बसलं. ड्रायव्हरनं इंजिन ताणलं. धूर आला, रबर जळल्याचा वास आला, गाडी बोटभर हलली नाही. कळस मात्र कमानीखाली होता आणि वर दोन बोटं जागा शिल्लक होती. माप अचूक निघालं होतं.

"उतरा रं समदे," भीमाशंकर म्हणाला. आठ-दहा जण उतरले. गाडी तशीच. मागून लातूरची एसटी आली आणि हॉर्न वाजवू लागली.

"विमानबी उतरवावं लागंल," ड्रायव्हर म्हणाला.

चौघांनी विमान खांद्यावर घेतलं. त्यातल्या दोघांच्या कमरेला पट्टे होते. विमान आता गाडीशेजारी टेकवायचं म्हणून चौघं वाकले, तोवर गाडीमागून चालत आलेली महानंदा ओरडली, "खाली नका टेकवू. विमान मधीच टेकवत न्हाईत. घरात जितं माणूस हाय."

हा मुद्दा बिनतोड होता. टेकवायचं नाही, घरी परत न्यायचं तर त्याहून अशुभ, आणि पुढं रस्त्यावर पिकअप आडवा. चौघं जरा घुटमळले. मग त्यांतला पुढचा, ज्यानं गुणाबाईला खांदा दिला होता, पांदणीकडं वळला. बाकीचे पायाच्या सवयीनं त्याच्यामागं वळले. कमान एका अंगाला राहिली.

भीमाशंकर तिथंच ड्रायव्हरला शिव्या देत होता. ड्रोनवाला विचारत होता, शूट चालू ठेवू का बंद करू.

शरणप्पा बाकावरून उठले. पोत्यामागं चालणारे ते शेवटचे होते. पांदणीत चिखल नव्हता, बाभळीची सावली होती, आणि वर फेटा शांतपणे डुलत होता. मळ्याच्या बांधापर्यंत ते न थांबता आले, तेही आणि चौघंही. बांधावर विमान उतरवलं. गुणाबाईच्या समाधीशेजारी.

शरणप्पांनी पोत्यावरचा फेटा काढला, झटकला आणि काखेत धरला.

"लई जड झालं का रं?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई अण्णा," पट्टेवाला कपाळ पुसत म्हणाला. "आलं की आरामात."

पोत्यात ज्वारी शंभर किलो होती. मागच्या महिन्यात लातूरच्या दवाखान्यात शरणप्पांचं वजन केलं, तेव्हा ते अठ्ठेचाळीस भरलं होतं.