ओब्दुलियाची साक्ष

सुनावणी फोनवर होती, तरी नेरेइदाने लिपस्टिक लावली होती आणि कानात मोत्याची कर्णफुलं घातली होती. सरकारी माणसासमोर गबाळं जायचं नाही, हे बेटावरच्या सबाना ग्रांदे गावातल्या बायकांच्या अंगात मुरलेलं. समोरच्याला आपण दिसतो की नाही, हा प्रश्न निराळा. शेजारच्या खुर्चीत ओब्दुलिया बसली होती, तीही इस्त्रीच्या झग्यात. नेरेइदाच्या मुलीची ती धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. मुलगी केव्हाच बेट सोडून फ्लोरिडाला गेली, नातं मात्र इथेच राहिलं.

लष्कराचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात नेरेइदाचा जन्म गेला होता. पँटींच्या खिशांवर तिचा हात बसलेला. मग बोटांची पेरं सुजायला लागली, एकदा सुई नखातून आरपार गेली, आणि डॉक्टरने शिवणकाम बंद करायला सांगितलं. तिने पॅकिंगला बदली मागितली. जागा नाही म्हणाले. काही दिवस तिने दात आवळून रेटलं आणि मग काम सोडून घरी बसली. बेकारभत्त्याचा अर्ज केला, तर नोकरी तुम्ही स्वतःहून सोडलीत, म्हणून तो फेटाळला. तिने अपील केलं, त्याचीच आज सुनावणी. भत्ता मिळाला तर दुसरं काम मिळेपर्यंत घर चाललं असतं. नाही मिळाला तर घराला कुलूप लावून लेकीच्या सोफ्यावर झोपायला जायचं. त्या सोफ्याचा तिने धसकाच घेतला होता.

नियम मोठा मजेशीर होता. शिवणकाम जमणार नाही इतके आपण आजारी आहोत हे पटवायचं, आणि त्याच दमात, बाकी कामाला मात्र ठणठणीत आहोत हेही पटवायचं. नियम करणाऱ्याची बोटं कधी सुजली नसावीत.

पण तिला नियमापेक्षा जास्त धास्ती ओब्दुलियाची होती. वादळानंतर छपराची पाहणी करायला माणूस आला, तेव्हा ओब्दुलियाने असा काही गळा काढला होता की त्या बिचाऱ्यानेच तिला पाणी आणून दिलं. वस्तीत सगळ्यांचीच ती रीत. सरकारला कमी ऐकू येतं, म्हणून त्याच्यापुढे जरा जास्त रडायचं. नेरेइदाने तिला आधीच बजावून ठेवलं होतं, डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच सांग, वरचा एक शब्द नको. ओब्दुलियाने नाक मुरडलं, पण कबूल केलं. ती चर्चमध्ये भजनं म्हणायची. शपथ घेऊन खोटं बोलणं तिलाही नको होतं.

फोन आला, तो नेरेइदाने स्पीकरवर टाकला. अधिकाऱ्याचा आवाजच थकलेला होता. त्याने कशा आहात म्हणून विचारलं आणि नेरेइदा सवयीने बोलून गेली, बरी आहे, देवाची कृपा. इथे मरणाच्या खाटेवरचा माणूसही हेच म्हणतो. कारखान्यातर्फे बोलणाऱ्या बाईंनी लगेच विनंती केली की अर्जदार स्वतःच बरी आहे म्हणते, याची नोंद घ्यावी. अधिकाऱ्याने सुस्कारा सोडला आणि पुढे विचारायला सुरुवात केली. नेरेइदाने बोटांचं सांगितलं, सुईचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं. बदली मागितली होती, हे त्या बाईंनाही नाकारता आलं नाही. गाडी रुळावर आहे असं नेरेइदाला वाटलं.

मग ओब्दुलियाची पाळी आली. फोनवर असूनही शपथ घ्यायला ती उठून उभी राहिली.

"सकाळी तिची बोटं उघडत नाहीत, साहेब," ती म्हणाली. "मी उठले की आधी तिच्याकडे येते. ब्लाउजची बटणं मी लावते, केस मी विंचरते. औषधाची बाटलीसुद्धा तिला उघडत नाही. आज ही कर्णफुलं मीच घातली."

आवाजात रडं नाही, चढउतार नाही. सांगितलं होतं तसंच, पाहिलं तेवढंच ती बोलत होती.

मग अधिकाऱ्याने विचारलं, "म्हणजे अर्जदार बाईंना आता कुठलंच काम जमणार नाही, असं समजू का?"

याला हो म्हटलं की भत्ता गेला, हे नेरेइदाने ओळखलं. पण ओब्दुलियाचा एकही शब्द खोटा नव्हता. रोज सकाळी कोमाद्रे कॉफी प्यायला येते, बटणं काय, जाता जाता लावते, अशी नेरेइदाने स्वतःची समजूत घालून ठेवली होती. ते सगळं आता कोणीतरी सरकारदरबारी मोठ्याने म्हणून दाखवलं होतं.

"साहेब, माझी कोमाद्रे वाढवून सांगते," ती म्हणाली. "कोणालाही विचारा. वादळानंतर हिनं कसं रडगाणं लावलं होतं, ते वस्तीला ठाऊक आहे. मला काम जमतं. दवाखान्याच्या काउंटरवर बसेन, शाळेच्या फाटकावर बसेन, काहीही करेन."

अधिकाऱ्याने ओब्दुलियाला विचारलं की हे खरं का. ओब्दुलियाने नेरेइदाकडे पाहिलं. भिंतीवरच्या येशूकडे बघायचं तिने टाळलं.

"खरं आहे, साहेब," ती म्हणाली. "माझी जुनी खोड आहे."

आणखी दोनचार प्रश्न झाले. निकाल टपालाने येईल, तोवर काम शोधत राहा, असं अधिकाऱ्याने बजावलं, आणि ज्या नरमाईने बजावलं त्यावरून निकाल कोणीकडे झुकणार ते कळत होतं. फोन बंद झाला.

नेरेइदाला आनंद झाला नाही. घर राहणार होतं, पण आता हीच बोटं घेऊन दारोदार काम मागत हिंडायचं होतं. ती नुसतीच थकली होती आणि तिला स्वतःची लाज वाटत होती. ओब्दुलिया कॉफीचे कप उचलून मोरीशी गेली आणि विसळायला लागली.

"कोमाद्रे," नेरेइदा म्हणाली, "खोटं मी बोलले."

"ते मला माहीत आहे गं," ओब्दुलिया नळ चालू ठेवूनच म्हणाली. "तुला माहीत आहे की नाही, तेवढीच मला काळजी होती."