चोरखटका

मित्रांनो, मला स्वस्थ बसवत नाही. बसवत नाही हे आपलं म्हणायचं, खरं तर मी जन्मभर उभीच आहे, आणि तीही बहुतेक काळ कुलपात. जिन्यावर माझ्या मालकिणीची, बुर्गीची पावलं वाजली की माझा चाप शिवशिवायला लागतो. ती किल्ली फिरवते का, की नुसती पुढे निघून जाते? पुढे गेली की मी हिरमुसते, आणि पुन्हा कान देऊन उभी राहते. इतकं वय झालं, पण हा उतावळेपणा काही जात नाही.

तर मी एक म्हातारी बंदूक, दोन नळ्यांची. वरची नळी छऱ्यांची, खालची गोळीची. वरची चारचौघींसारखी आहे, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सगळी रामकहाणी आहे ती खालच्या नळीची, कारण ती फार बारीक आहे. तिच्यात पेन्सिलसुद्धा घट्ट बसेल.

माझा जन्म फेर्लाख गावातला. तिथे जवळजवळ घरटी बंदुका बनतात, आणि सकाळी कोंबड्याच्या आधी कानस ऐकू येते. मला फोल्टल नावाच्या कारागिराने घडवलं. दस्ता अक्रोडाचा, त्यावर कोरलेला एक रानकोंबडा. मला मागवणारा होता कास्पर वुट्टे. डोंगराच्या अगदी वरच्या अंगाला त्याची शेती होती, चार गाई होत्या, आणि डोक्यात शिकारीचं वेड होतं.

"फोल्टल," तो म्हणाला, "मला कोल्ह्याचं कातडं फाटलेलं नको, आणि रानकोंबड्याची पिसं उडालेली नकोत. भोक असं पाडणारी बंदूक दे, की बायकोला सुई-दोरा घ्यावा लागू नये."

"मग चौनळीचं काडतूस घे की," फोल्टल म्हणाला.

चार नळ्यांच्या बंदुका असतात, त्यांची चौथी नळी अगदी बारकी असते. तिच्यासाठी केलेलं ते काडतूस. फारसं कुणी मागत नसे. दुकानदार ते द्यायला स्टुलावर चढून वरचं फडताळ उचकत. पण कास्परला तेच हवं होतं. गावातले लोक त्याला चिडवायचे, "काय रे कास्पर, डास मारायला निघालास का?" तो म्हणायचा, "डासच मारतो. पण एका गोळीत एक. तुमच्यासारखं अख्खं रान उठवत नाही." हे ऐकलं की माझी नळी दोन बोटं लांब व्हायची.

पण थांबा. त्याआधी माझ्या फजितीची गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही.

मला घडवण्याचं शेवटचं काम बाकी होतं तेव्हा गावाची जत्रा आली. आमच्याकडे जत्रा म्हणजे आंबूस सूप, नाच, आणि दुसऱ्या दिवशी जड झालेली डोकी. त्या जड डोक्याने फोल्टल माझा खटका बसवायला बसला. चाप एकच असतो, म्हणून छरे सोडायचे की गोळी, हे वरच्या छोट्या खटक्याने ठरवायचं. फेर्लाखच्या शिकाऱ्याला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल, खटका पुढे म्हणजे गोळी, मागे म्हणजे छरे. अंगठ्याला सवयच तशी. फोल्टलने माझा खटका उलटा बसवला.

पहिल्याच शिकारीला कास्परने कोल्ह्यावर नेम धरला, खटका पुढे ढकलला आणि चाप ओढला. धाडकन छरे सुटले. कोल्ह्याच्या कातड्याची चाळणी झाली. कास्पर तसाच तरातरा डोंगर उतरून कारखान्यात आला.

"दारू प्यायलास तू, आणि झिंगली माझी बंदूक!"

फोल्टलने मला हातात घेतलं, खटका मागेपुढे केला, आणि त्याचे कान लाल झाले. "दे इकडे," तो पुटपुटला, "परवापर्यंत सरळ करून देतो."

कास्पर द्यायला निघाला आणि मध्येच थांबला. मग खो खो हसायला लागला. "नको. राहू दे तसाच. उद्या कुणी हिला पळवलं, तर त्या चोराला एक धड शिकार साधायची नाही. चोरखटका आहे हा! फक्त तोंड बंद ठेव. मीही बायकोला सांगणार नाही."

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगात खोट असलेली मी, आणि त्यावर हे दोघं हसताहेत! त्यानंतर कुणी अनोळखी माणसाने मला हातात घेतलं की मी मनात म्हणायचे, हा अंगठा पुढे नको जाऊ दे, माझं बिंग नको फुटू दे.

कामाची ती वर्षं मात्र सुखाची होती. बर्फ वितळायला लागलं की आम्ही पहाटे वर माळावर जायचो. काळे रानकोंबडे शेपट्या फुलवून नाचायचे. कास्पर वर्षाकाठी ठरलेला एखादाच टिपायचा. मग फरच्या झाडाची डहाळी मोडून त्याच्या चोचीत ठेवायचा, टोपी काढायचा आणि जरा वेळ गप्प उभा राहायचा. त्याला आमच्याकडे 'शेवटचा घास' म्हणतात. जीव घेतला तर त्याला उपाशी पाठवायचं नाही, अशी ती रीत आहे. कास्परने ती कधी चुकवली नाही.

बुर्गी ही त्याची धाकटी मुलगी. ती मागून पिशवी घेऊन यायची, आणि मला एकदा हातात धरायला मिळावं म्हणून तिचा जीव तुटायचा. कास्पर मोठा प्रेमळ माणूस, पण या बाबतीत आडमुठा. "पोरींनी बंदुकीला हात लावायचा नाही," म्हणायचा. बुर्गी पाय आपटायची. मला तिची फार दया यायची, आणि कास्परचा राग यायचा.

मग एक दिवस चौनळीची काडतुसं मिळेनाशी झाली. मागणीच नाही, तर बनवणार कोण? दुकानदाराने एक नवी डबी पुढे सरकवली. साता समुद्रांपलीकडून आलेलं ते काडतूस, नाव 'गांधीलमाशी'. "हे घाल," तो म्हणाला. "हिच्याच काडतुसाची सख्खी बहीण आहे. सहज आत जातं."

कास्परने ते उलटसुलट करून पाहिलं. "दिसायला बहीण असेल, स्वभावाने सासू आहे ही," तो म्हणाला आणि डबी परत केली.

बरोबरच होतं त्याचं. ती गोळी माझ्या नळीला केसभर जाड, आणि तिचा जोर माझ्या काळच्या पोलादाला पेलणारा नाही. ती आत सहज जाते खरी, पण सुटताना माझा सांधा उसवेल आणि धरणाऱ्याचा हात घेऊन जाईल. कास्परला हे कळत होतं. त्याने मला तेल पाजून कुलपात ठेवलं, आणि का ठेवलं ते घरात कुणाला सांगितलं नाही. खटक्याचं नाही, काडतुसाचं नाही. भला माणूस, पण गोष्टी पोटात ठेवायची त्याला खोडच होती.

तो गेला तेव्हा गावच्या शिकाऱ्यांनी त्याच्या शवपेटीवर फरच्या डहाळ्या टाकल्या. महिना गेला नसेल, तोच बुर्गीच्या थोरल्या भावाने मला परस्पर विकून टाकलं. तोवर बुर्गीने परवाना काढला होता, स्वतःची बंदूक घेतली होती. पण हवी होती ती मी. भावाशी ती वर्षभर बोलली नाही.

मला घेणारे होते डॉक्टर प्लोनर. शहरातले दातांचे डॉक्टर, बारीक नळीच्या जोडबंदुका जमवण्याचा त्यांना नाद. त्यांच्या कपाटात आम्ही ओळीने उभ्या असायचो. डॉक्टर पांढरे हातमोजे घालून मला उचलायचे आणि पाहुण्यांना म्हणायचे, "हा कोरीव रानकोंबडा बघा. अशी दुसरी मिळणार नाही." कौतुकाला तोटा नव्हता. पण मित्रांनो, कौतुकाने पोट भरत नाही. त्याच कपाटात माझ्याशेजारी काय होतं, सांगू? चौनळीच्या काडतुसांची एक डबी, सील न फोडलेली! जमवणाऱ्यांच्या लेखी सील असेपर्यंतच डबीला भाव. मी वर्षानुवर्षं तिच्याकडे बघत उभी. भरलं ताट समोर आणि हात बांधलेले. मी आतून नुसती तडफडत होते.

दर वर्षी मृतात्म्यांच्या दिवशी बुर्गी बापाच्या थडग्यावर मेणबत्ती लावायची, आणि तिथून थेट डॉक्टरांकडे यायची.

"डॉक्टर, देता का माझी बंदूक?"

"नाही गं बाई. केक खा."

"केक नको. लोकांचे दात उपटून झाले, आता आमच्या बंदुका उपटता होय!"

"तुझ्या भावाने दिली, मी घेतली. चिडतेस कशाला? साखर किती घालू?"

असं चालायचं. दोघांनाही त्याची सवय झाली होती. आणि एका वर्षी डॉक्टरांनी केक विचारलाच नाही. त्यांचे हात आता कापायला लागले होते. त्यांनी कपाट उघडलं आणि मला तिच्या हातात ठेवलं.

"ने," ते म्हणाले. "माझ्या मुलांना यातलं ओ की ठो कळत नाही. फक्त चालवू नकोस. हिचं काडतूस आता मिळत नाही."

"बघू," बुर्गी म्हणाली. तिचं लक्ष कुठे होतं! ती माझ्या दस्त्यावरून हात फिरवत होती आणि डोळे पुसत होती. डबी मात्र डॉक्टरांनी दिली नाही. कपाटाचं दार हळूच लावून घेतलं, ते मी पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी बुर्गी मला घेऊन माळावर गेली. एक कोल्हा तिच्या कोंबड्या रोज पळवत होता. ती कुंपणाच्या आडोशाला बसली. वारा ओळखीचा होता, गवताचा वास ओळखीचा होता. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. आणि मग तिने खिशात हात घातला. बाहेर आली ती तिच्या स्वतःच्या बंदुकीच्या काडतुसांची डबी. गांधीलमाशी!

काडतूस आत सरकलं. सहज सरकलं. मित्रांनो, माझ्या अंगाचं पाणी पाणी झालं. ज्या क्षणासाठी इतकी वर्षं झुरले तो क्षण आला, आणि आता तो येऊच नये असं वाटत होतं. बुर्गी, थांब! अगं, तुझा हात जाईल! पण बंदुकीला बोलता येतं का? तिला बोलायला एकच शब्द येतो, आणि तोच आज मला उच्चारायचा नव्हता.

कोल्हा झुडपातून बाहेर आला. बुर्गीने मला खांद्याला लावलं. तिचा गाल माझ्या दस्त्यावर टेकला, बापाचा टेकायचा तसाच. तिच्या अंगठ्याने खटका शोधला आणि सवयीने पुढे ढकलला. तिने चाप ओढला.

खट्.

नुसतं खट्! वरच्या नळीत छरे भरलेलेच नव्हते. कोल्ह्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि तो चालता झाला. बुर्गीने जरा वेळ वाट पाहिली, मग मला उघडलं. काडतुसावर ओरखडासुद्धा नव्हता. ती अशी भडकली की विचारू नका. तिथेच बसून तिने डॉक्टरांना फोन लावला.

"तुमच्या कपाटात राहून राहून वाट लागली हिची! स्प्रिंग मेलीय. चाप ओढला तर नुसतं खट्!"

"चालवलीस?" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "काय घातलंस आत?"

"गांधीलमाशी. दुसरं काय घालणार?"

मग डॉक्टर अगदी हळू म्हणाले, "बुर्गी, ते काडतूस बाहेर काढ. दूर ठेव. मी येतो आहे. तोवर बंदुकीला हात लावू नकोस, तुला बापाची शपथ आहे."

ते आले ते धापा टाकत. हातमोजे नव्हते. त्यांनी गांधीलमाशीचं काडतूस आणि माझी नळी शेजारी धरून तिला सगळं समजावलं. बुर्गीचा चेहरा पांढराफटक पडला. ती आपला डावा हात उजव्या हाताने चाचपत बसली, एकेक बोट.

"मी तुला धड सांगितलं नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि हेही दिलं नाही." त्यांनी खिशातून ती डबी काढली. अंगठ्याचं नख सीलखाली घातलं. आणि सील फाडलं. जमवणाऱ्या माणसाला ते किती जड जातं, हे मला विचारा. "घे. उपाशी ठेवलं मी हिला."

बुर्गीने माझं काडतूस, माझं स्वतःचं काडतूस माझ्यात घातलं. समोर कुंपणाच्या खांबावर एक फरचं बोंड ठेवलं. खटका पुढे, चाप ओढला. खट्.

"बघा! म्हटलं नव्हतं मी?"

"थांब," डॉक्टर खटक्याकडे वाकून बघत म्हणाले. "मागे ओढून बघ बरं."

"मागे? मागे ओढला की छरे सुटतात. शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"अगं, बघ तर खरं."

तिने खटका मागे ओढला. आणि मित्रांनो, मी बोलले! इतक्या वर्षांनी बोलले! बोंड उडालं, आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला. बुर्गी मला मांडीवर घेऊन मटकन गवतात बसली. आधी हसली, मग हुंदके द्यायला लागली.

"बाबा, अहो बाबा! मला एकदा तरी सांगायचं होतं ना! खटका उलटा ठेवलात, आणि फसले मी!"

डॉक्टर तिच्याशेजारी बसले. "फसलीस म्हणूनच दहा बोटं घेऊन बसली आहेस," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ती मला फेर्लाखला घेऊन गेली, फोल्टलच्या नातवाकडे. सांधा नीट तपासून घ्यायचा होता. नातवाने खटका पाहिला आणि कपाळावर हात मारला. "आमच्या आजोबांचा हा काय घोळ! द्या, सरळ करून देतो."

"खबरदार!" बुर्गी म्हणाली. "त्याला हात लावायचा नाही."

मी आयुष्यभर ज्याची लाज बाळगली, ते असं शाबूत राहिलं. माझी काडतुसं आता मोजकीच उरली आहेत. बुर्गी मला क्वचित बाहेर काढते. डबीशेजारच्या कप्प्यात मी रोज कान टवकारून उभी असते, हे मी सुरुवातीला सांगितलंच. माझी एकच विनवणी आहे. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला फक्त काचेत ठेवू नका, आणि हाताला लागेल ते तिच्यात कोंबूही नका. आत जातं ते सगळंच पचत नाही. ज्याने ती वापरली, त्याला आधी विचारून घ्या. आणि मोठ्यांनो, कुणी विचारायची वाट बघू नका, लेकीबाळींना वेळेवर सांगून टाका. प्रत्येक बंदुकीचा खटका काही उलटा नसतो.

थांबा, जिन्यावर पावलं वाजताहेत. किल्ली... किल्ली फिरतेय!