पहिला साबण

"मॅडम, इतक्या वर्षांत इथे गाडीत घालण्याजोगं तेल तरी किती निघालं?"

प्रश्न विचारून तोफेने ऐटीत हात खाली घेतला. वर्गात तिला सगळे तोफच म्हणायचे. पैज शाळेच्या बसमध्येच लागली होती. "तुझ्या बाबांच्या देखत विचारलंस तर मानलं," तिची मैत्रीण चष्मिस म्हणाली होती.

बाबा विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेत चोवीस वर्षं सहायक होते. आत्ताही ते बेसिनपाशी काचेची भांडी विसळत होते. त्यांनी मान वर केली नाही. नळ तेवढा बारीक केला.

"साडेतीन पिंपं," मॅडम म्हणाल्या. "बाकी साबण."

मुली फिदीफिदी हसल्या. तोफही हसली. मग तिला बाबांची पाठ दिसली आणि हसू ओठांवरच अडलं.

मॅडमनी भिंतीवरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे ओळीने काचेच्या बरण्या होत्या आणि प्रत्येकीत एक पिवळट गोळा.

"तळणीच्या उरलेल्या तेलापासून इंधन करतो आम्ही. तेलात पाण्याचा अंश राहिला, की सगळं बिनसतं आणि साबण होतो. पहिल्या खेपेला प्रत्येक विद्यार्थ्याचा होतोच. तो फेकायचा नाही. नाव, तारीख आणि काय चुकलं, ते ज्याचं त्याने लिहायचं."

एकसष्ट बरण्या. शेवटच्या बरणीवर चार वर्षांपूर्वीची तारीख होती. तिच्या शेजारी आणखी एक होती, रिकामी, लख्ख घासलेली, कोरं लेबल लावलेली.

"आणि ही कुणाची?" तोफेने विचारलं.

"तुझे बाबा दर वर्षी घासून ठेवतात. यंदाही कुणी प्रवेश घेतला नाही, तर ही शाखा बंद. तसं पत्र आलंय."

घरी बाबा यातलं अक्षर बोलले नव्हते. उलट तिच्या बारावीनंतरच्या प्रवेशाचा अर्ज भरताना तेच म्हणाले होते, "आमच्याकडे काही राम नाही गं. तू आपली कॉम्प्युटरला जा."

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. एका इंधन कारखान्यातला इंजिनियर बोलत होता, त्यांचाच जुना विद्यार्थी. आवाजात धाप होती.

"मॅडम, टाकीतलं घट्ट होत चाललंय. उद्याच्या शहरभरच्या बस याच्यावर आहेत. काका आहेत का तिथे?"

बाबांनी हात पुसले. फोनकडे न येता ते आधी फळीकडे गेले, मधली एक बरणी काढली, चष्मा कपाळावर सरकवून लेबल वाचलं.

"ढवळणं बंद कर आधी. कॉस्टिक सोडा आणखी टाकलास?"

"टाकणारच होतो."

"हात लावू नकोस. तेल नवीन आलंय ना? पाणी तपासलंस?"



"तेल देणारे म्हणाले, सुकवून पाठवलंय..."

"बरणीवर काय लिहिलं होतंस, वाचू?"

"नका वाचू, काका." पलीकडचा माणूस हसला की रडवेला झाला, कळेना. "'दुसऱ्याच्या शब्दावर विसंबलो.' पाठ आहे मला."

"मग आता मॅडम सांगतात तसं कर."

पुढची वीस मिनिटं मॅडम एकेक पायरी सांगत होत्या आणि बाबा बरणी हातात धरून उभे होते. अखेर पलीकडून आवाज आला, "सुटतंय, मॅडम. पातळ होतंय." बाबांनी बरणी जागेवर ठेवली आणि पुन्हा नळ सोडला.

"पैज जिंकलीस," चष्मिस कुजबुजली.

"राहू दे," तोफ म्हणाली.

संध्याकाळी जेवताना आईने विचारलं, "आज हिची शाळा तुमच्याकडे आली होती ना? काय दिवे लावले आमच्या तोफेने?"

"एक प्रश्न विचारला," बाबा ताटाकडे बघत म्हणाले. "रास्त होता."

तोफ उठली आणि दप्तरातून अर्ज घेऊन आली. कॉम्प्युटरवर काट मारली होती. खाली दुसरी शाखा लिहिलेली होती.

"आई, बाबा, मी ठरवलंय. मी इथे जाणार."

आईने अर्ज वाचला आणि बाबांकडे पाहिलं.

"अगं पोरी, तिथे..." बाबा म्हणाले.

"राम नाही, माहितीय. पण बाबा, त्या कोऱ्या लेबलावर तुम्ही काही लिहू नका हं. काय चुकलं, ते माझं मी लिहीन."